टेकडीचा चढ पायथ्याशीच हुकतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे वय ४६ वर्षे, वजन ७४ किलो आणि सायकल २१ गिअरची साधी हायब्रिड आहे. नागपुरात तुम्ही आठवड्यातून चार दिवस २५ ते ३० किलोमीटर सायकल चालवता, रविवारी काटोल रस्त्याने शहराबाहेर पडून ५०-६० किलोमीटर करता आणि त्यात तुमची कधी दमछाक होत नाही. मात्र कळमेश्वरच्या बाजूला एका गावाबाहेरच्या टेकडीवर, जिच्या माथ्यावर देऊळ आहे, जेमतेम ४०० मीटरच्या रस्त्यावर तुम्हाला दर वेळी निम्म्या वाटेत उतरावे लागते. दोनदा तिथेच गिअर बदलताना चेन पडली, आणि घरी आल्यावर उजव्या गुडघ्याची वाटी दुखते. ‘पायथ्याशी २५ च्या वेगाने येतो, तरी मध्येच उतरावे लागते,’ असे तुम्ही लिहिले आहे आणि पाय बळकट करण्यासाठी कोणता व्यायाम करावा, असे विचारले आहे.

नागपूरच्या आसपास मी २२ वर्षे सायकल चालवतो आहे आणि नवशिक्यांना चढ शिकवण्याचे काम त्यातली बरीच वर्षे करतो आहे. तुमच्यासारखीच अडचण घेऊन येणारी माणसे मी इतकी पाहिली आहेत की तुमच्या वाक्यातला ‘तरी’ हा शब्द मला खटकला. तिथे ‘म्हणूनच’ हवे होते. तुम्ही २५ च्या वेगाने येता म्हणूनच मध्ये उतरावे लागते. व्यायामाचे मी पुढे सांगतोच. पण तुमच्या पायांत आज जेवढे बळ आहे तेवढ्यावर हा चढ होण्यासारखा आहे, असे माझे मत आहे, आणि ते का हे हिशेबाने दाखवतो.

तुम्ही मोबाइलवरून काढलेली मोजमापे बरोबर धरली तर रस्त्याची लांबी ४०० मीटर आणि चढून जाण्याची उंची ३६ मीटर आहे, म्हणजे सरासरी चढ ९ टक्के. सरासरी इथे फसवी असते. तुमच्याच नोंदीप्रमाणे पहिले १२० मीटर साधारण ५ टक्क्यांचे, मधले १८० मीटर १२ टक्क्यांचे आणि शेवटचे १०० मीटर ८ टक्क्यांच्या आसपासचे आहेत. तुम्ही, सायकल, पाण्याची बाटली आणि पिशवी मिळून ९० किलो वजन होते. ९० किलो वजन १ मीटर उचलायला सुमारे ८८० ज्यूल ऊर्जा लागते. ३६ मीटरला जवळजवळ ३२ हजार ज्यूल. आता २५ किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या या ९० किलोंत साठलेली गतिज ऊर्जा किती, तर सुमारे २,२०० ज्यूल. म्हणजे पायथ्याशी तुम्ही जीव तोडून जो वेग कमावता तो तुम्हाला ३६ पैकी फक्त अडीच मीटर उंची देतो. हवेचा आणि टायरचा विरोध वजा केला तर ५ टक्क्यांच्या चढावर ३५-४० मीटर रस्त्यातच तो संपतो. गावाकडच्या विजेच्या दोन खांबांत साधारण ५० मीटर अंतर धरले, तर पहिला खांब येण्याआधीच ही पुंजी खर्च झालेली असते.

मग वेग घेऊन चढ मारायची ही सवय कुठून येते? माझ्या मते ती आपल्या सपाट मुलखातून येते. नागपूरचा सायकलस्वार चढ म्हणून जे ओळखतो ते बहुतेक दोनच प्रकारचे असतात, शहरातले उड्डाणपूल आणि खेड्यातल्या रस्त्यांवर नाला ओलांडणारे रपटे. रपट्यावरून खाली उतरताना वेग मिळतो आणि समोरचा चढ दोन-तीन मीटर उंचीचा असतो, तेव्हा तो वेग तुम्हाला जवळजवळ फुकटात वर नेऊन सोडतो. उड्डाणपूल सहा-सात मीटरांचा धरला, तर त्याचाही एक तृतीयांशाहून जास्त भाग नुसत्या वेगाने निघतो आणि उरलेल्यासाठी अर्धा मिनिट जोर लावला की काम होते. वर्षानुवर्षे शरीराला हाच धडा मिळालेला असतो की चढ दिसला की जोर करावा आणि तो संपेपर्यंत जोर सोडू नये. रपट्यावर हा धडा अगदी खरा आहे. ३६ मीटरच्या टेकडीवर तोच धडा माणसाला खाली उतरवतो.

पहिल्या १२० मीटरांत काय होते ते पाहा. मिळालेला वेग ओसरू लागला की तुम्हाला तो हातचा जातो आहे असे वाटते आणि तुम्ही तो टिकवण्यासाठी दाबून पॅडल मारता. ५ टक्क्यांच्या चढावर १८ किलोमीटरचा वेग टिकवायला तुम्हाला २८० ते २९० वॅट शक्ती लागते. तुम्ही सपाट रस्त्यावर २२ च्या वेगाने तासन्‌तास जाता तेव्हा अवघे १०० ते ११० वॅट लागत असतात. म्हणजे नेहमीच्या अडीचपट जोराने तुम्ही चढाच्या सोप्या भागावर चालवता आणि त्यातून वाचवता किती, तर तीस सेकंद. तोच भाग ८ च्या वेगाने चढला तर ११० वॅटच्या आसपास काम होते, म्हणजे रोजच्या सवयीच्याच जोरात. मधल्या १२ टक्क्यांच्या टप्प्यावर ६ किलोमीटरच्या वेगालासुद्धा सुमारे १८५ वॅट लागतात, आणि तिथे पोचेपर्यंत तुमच्याजवळ ते उरलेले नसतात.

इथे चढाचा एक स्वभाव नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तुमच्या ‘५० किलोमीटर जमतात, मग ४०० मीटर का नाही’ या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. सपाट रस्त्यावर दमलात तर वेग १५ वर आणता येतो, मग श्रम निम्म्याहून कमी होतात आणि प्रवास चालू राहतो; किती खर्च करायचा हे तुमच्या हातात असते. तीव्र चढावर ही मुभा नसते. वेग ताशी ५ किलोमीटरच्या खाली गेला की सायकल डगमगू लागते आणि तोल सावरण्यातच शक्ती जाते. १२ टक्क्यांवर ५ च्या वेगालाही दीडशेहून अधिक वॅट लागतात. तोल राखण्याइतका किमान वेग आणि रस्त्याचा चढ या दोन गोष्टी मिळून जी किंमत ठरवतात, तिच्या खाली घासाघीस होत नाही. म्हणून या मधल्या १८० मीटरांवर, जे तुम्हाला दीड ते दोन मिनिटे पुरतील, लागणारी शक्ती शिल्लक ठेवणे एवढाच या चढाचा खरा प्रश्न आहे.

शरीराची यंत्रणाही याला पूरक अशीच वागते. स्नायूंत तत्काळ वापरासाठी जो साठा असतो तो पूर्ण जोरात दहा सेकंदांच्या आसपास पुरतो. त्यानंतर प्राणवायूवाचून साखर जाळण्याची वाट मुख्य होते, आणि ती एक-दोन मिनिटांत पाय जड करून टाकते. प्राणवायूवर चालणारी वाट सर्वांत टिकाऊ, पण ती पूर्ण वेगात यायला वेळ लागतो. हृदयाचे ठोके आणि श्वास प्रत्यक्ष श्रमांच्या मागून अर्धा-पाऊण मिनिटाने वर चढतात. त्यामुळे पायथ्याशी केलेली उधळपट्टी त्या क्षणी जाणवत नाही. ‘आज तर छान चाललंय’ असेच वाटते. तिची वसुली नेमकी रस्ता उभा होतो तिथे सुरू होते. पहिला टप्पा चढताना तुम्हाला जर अस्वस्थ वाटण्याइतके सोपे वाटत असेल, तर तुमचा वेग बरोबर आहे असे समजा.

तुमच्या टेकडीची ही घडण काही अपवादात्मक नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची कड नागपूरपाशी येऊन संपते. शहराच्या पश्चिमेला कळमेश्वर-काटोलकडच्या टेकड्या लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांच्या आहेत, तर ईशान्येला रामटेकच्या बाजूचा खडक वेगळ्या जातीचा आहे. थरांच्या टेकडीचा पायथा झिजून आलेल्या मुरमाचा आणि म्हणून सौम्य असतो, मध्ये कठीण थराचा उभा टप्पा येतो आणि माथा बहुधा सपाट असतो. अशा टेकडीवर सरळ नेलेला गावरस्ता हाच आकार उचलतो. म्हणून पायथ्याच्या सौम्यपणावरून पुढच्या चढाचा अंदाज बांधू नये. एखादी टेकडी नवीन असेल तर मी ती पहिल्यांदा पायी चढून येतो आणि विजेचे खांब मोजतो. तुमच्या टेकडीवर कितव्या खांबापासून रस्ता उभा होतो, कितव्यापाशी जरा दम खाता येतो, वळणाची आतली बाजू किती उभी आहे, गिट्टी कुठे उखडली आहे, एवढे पाठ झाले की तोच चढ ओळखीचा होतो आणि निम्मी भीती तिथेच जाते. तुम्हीही पुढच्या रविवारी सायकल खाली लावून एकदा पायी जाऊन या.

आता गिअरकडे येतो. तुम्ही चढताना पुढे मधली चकती आणि मागे सर्वांत मोठी चकती वापरता असे लिहिले आहे, आणि गुडघ्याचे व पडणाऱ्या चेनचे मूळ मला त्यातच दिसते. तुमच्या सायकलीला पुढे ४८, ३८, २८ दाते आणि मागे १४ ते २८ दात्यांचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, आहे. ३८ आणि २८ च्या जोडीत ताशी ६ किलोमीटरला तुमचे पॅडल मिनिटाला अवघे ३५ फेरे मारते. इतक्या संथ गतीत प्रत्येक दाब गुडघ्याच्या वाटीवर प्रचंड भार टाकतो. पुढे २८ आणि मागे २८ घेतले तर त्याच वेगाला ४८ फेरे होतात आणि प्रत्येक दाबाचा भार चतुर्थांशाहून अधिक कमी होतो. तुमची सर्वांत छोटी पुढची चकती याच कामासाठी दिलेली आहे. ती वापरणे म्हणजे कमीपणा असा एक समज आपल्याकडे जुन्या सायकलस्वारांतही आहे, तो मनातून काढून टाकावा.

ही चकती घ्यायची ती चढ सुरू होण्याच्या आधी, सपाट रस्त्यावर. तुम्ही ती मध्यावर, पाय अडल्यावर घेऊ पाहता. तेव्हा चेन पूर्ण ताणलेली असते, पॅडल जवळजवळ थांबलेले असते, आणि चेन धड एका चकतीवरून सुटत नाही की दुसरीवर बसत नाही. सुटलीच तर आत पडते. दुसऱ्या चकतीवर जायला चेन फिरती आणि सैल असावी लागते. माझी पद्धत अशी आहे की पायथ्याच्या ३०-४० मीटर आधी पुढे छोटी चकती घ्यायची आणि त्याच वेळी मागे दोन पायऱ्या जड करायच्या, म्हणजे पाय एकदम रिकामे फिरत नाहीत. मग चढ जसजसा वाढेल तसतशी मागची एकेक पायरी हलकी करत जायची. प्रत्येक वेळी बदलण्याच्या क्षणी अर्धा फेरा दाब सैल करायचा, चालवणे थांबवायचे नाही. सर्वांत हलका गिअर मधल्या उभ्या टप्प्याच्या तोंडाशी लागलेला असावा, आत शिरल्यावर नव्हे.

त्याआधी सायकल एकदा मेकॅनिकला दाखवा. पुढे चेन आत पडू नये आणि मागे ती फ्रीव्हील ओलांडून स्पोकमध्ये जाऊ नये यासाठी पुढच्या-मागच्या दोन्ही डिरेल्युअरना, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणांना, हद्द बांधणारे स्क्रू असतात, आणि तुमच्या पुढच्या डिरेल्युअरचा आतला स्क्रू ढिला आहे याची मला जवळजवळ खात्री आहे. मागचा स्क्रू त्याहून महत्त्वाचा आहे, कारण सर्वांत मोठ्या चकतीवर जोर लावताना चेन स्पोकमध्ये शिरली तर चाक जागीच अडकते. खर्च करायचाच असेल तर हलकी सायकल घेण्याऐवजी १४ ते ३४ दात्यांचे फ्रीव्हील बसवून घ्या. मागच्या डिरेल्युअरला ३४ दाते झेपतात का हे बघावे लागेल आणि बहुधा चेन लांब घ्यावी लागेल, तरी नव्या सायकलीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. त्या जोडीत ६ च्या वेगाला तुमचे ५८ फेरे होतील, आणि ४८ ते ५८ हा फरक कागदावर दिसतो त्याहून पायांना फार मोठा वाटतो. सायकलीचे वजन एक किलोने घटवले तर मात्र १८५ पैकी दोनच वॅट वाचतात.

सीटची उंची मी न पाहता सांगतो आहे, म्हणून घरी तपासून घ्या. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सर्वांत खाली न्या. या वेळी पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पॅडलवर आणला की गुडघ्यात किंचित बाक राहतो, तेवढाच असावा. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवण्याची रीत आहे, आणि वाटीच्या पुढच्या बाजूच्या दुखण्याची अर्धी तक्रार तिथून येते.

उभ्या टप्प्यावर बसायचे कसे, हेही शिकावे लागते. १२ टक्क्यांवर पुढचे चाक हलके होऊन भटकू लागते. तेव्हा सीटच्या टोकाकडे सरका, कोपरे वाकवून खाली सोडा आणि छाती हँडलकडे झुकवा. हँडल मात्र घट्ट आवळू नका. हाताची पकड जितकी घट्ट, तितके खांदे आणि मान विनाकारण दमतात, आणि दर दाबाबरोबर पुढचे चाक डावीउजवीकडे खेचले जाते. नजर चाकापुढे आठ-दहा मीटरवर असू द्या. माथ्याकडे बघत राहिले तर तो जवळ येत नाही असे वाटते, आणि चाकाकडे बघितले तर सायकल वाकडीतिकडी जाते. उभे राहून पॅडल मारणे वाईट नाही, पण ते महाग आहे, कारण स्वतःचे वजनही पायांनी पेलावे लागते. पाठ मोकळी करायला दहा-बारा फेरे उभे राहायचे असेल तर आधी एक पायरी जड गिअर घ्या, नाहीतर उठताक्षणी पाय पोकळीत गेल्यासारखा होतो. उखडलेल्या गिट्टीवर आणि सुट्या मुरमावर मात्र मुळीच उठू नका. मागच्या चाकावरचे वजन निघाले की ते जागीच फिरते.

श्वासाबद्दल एकच सांगतो. घेण्याकडे लक्ष देऊ नका, पूर्ण सोडण्याकडे द्या. घाबरलेला माणूस वरच्यावर छोटे श्वास घेतो आणि छाती अर्धी भरलेलीच राहते. मी नवशिक्यांना तीन फेऱ्यांत एक लांब, ऐकू येईल असा उच्छ्वास टाकायला सांगतो. घेणे आपोआप होते.

रस्ता रुंद, मोकळा आणि पुढचे-मागचे नीट दिसणारे असेल तर नागमोडी चढण्याचा उपाय आहे. डोक्यावर ओझे घेतलेली माणसे टेकडी सरळ रेषेत चढत नाहीत, तिरकी वाट काढतात, त्यामागे हेच गणित आहे. रस्त्याच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन करून गेले तर १२ टक्क्यांचा चढ साडेआठ टक्क्यांचा होतो. अंतर वाढते, पण त्या क्षणाला लागणारी शक्ती घटते. तुमच्या रस्त्यावर वळण आहे आणि संत्र्यांच्या हंगामात भरलेले ट्रॅक्टर वरून येतात, तेव्हा हा उपाय वळणाच्या अलीकडे-पलीकडे मुळीच करू नका. वळणावर आपली डावी बाजू सोडायची नाही. डावे वळण असेल तर अगदी आतली कड सर्वांत उभी असते, म्हणून आपल्याच बाजूने पण कडेपासून हात-दीड हात दूर राहून जा.

उतरावे लागण्याची तुम्हाला फार लाज वाटते असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते, म्हणून एक आठवण सांगतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत हिंगण्याकडच्या एका गावरस्त्यावर रोज पहाटे एक वयस्क दूधवाले भेटत. साधी बिनगिअरची सायकल, दोन्ही बाजूंना भरलेले कॅन. तिथल्या चढावर ते एका मोहाच्या झाडापाशी, पायांत पुष्कळ दम असताना, शांतपणे उतरत आणि सायकल ढकलत माथा गाठत. मी त्यांना मागे टाकून पुढे जाई, झाडाच्या वर कुठेतरी धापा टाकत थांबे, आणि ते तितक्याच शांतपणे मला ओलांडून जात. एकदा मी त्यांना झाडापाशीच का उतरता असे विचारले. ते म्हणाले, ‘भाऊ, सायकल उतरवायच्या आधी आपण उतरलं पायजे.’ चढ कुठे किती मागतो हे त्यांना ठाऊक होते आणि ते त्याप्रमाणे आधीच ठरवत होते. मी वाटेत ठरवत होतो. त्यानंतर मी पायथ्याशी वेग सोडून द्यायला शिकलो.

म्हणून उतरायचे झाले तर वेग ५ च्या खाली जाण्याआधी उतरा, म्हणजे तोल जाऊन पडणार नाही, आणि पाय रस्त्याच्या चढत्या बाजूला टेका. तिथून पुन्हा सुरुवातही करता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. मागे-पुढे वाहन नाही हे पाहून सायकल रस्त्याला आडवी करा, दोन्ही ब्रेक दाबून धरा, हलका गिअर लागलेला असू द्या, एक पॅडल पुढे आणि थोडे वर आणा, ब्रेक सोडतानाच त्यावर पूर्ण दाब द्या, दोन फेरे आडवे जा आणि मग हळूहळू वर वळा. हे सपाट मैदानात दहा-बारा वेळा करून बघा, मग टेकडीवर.

व्यायामाचे तुम्ही विचारले होते. आठवड्यातल्या चारपैकी एक दिवस वेगळा ठेवा. सेमिनरी हिल्स या शहरातल्याच टेकडीच्या रस्त्यांवर पंधरा मिनिटे अंग तापवल्यावर, बोलता येईल पण दोन-चार शब्दांपलीकडे नाही इतक्या जोराने, तीन मिनिटे चालवायचे आणि चार मिनिटे अगदी हलके फिरायचे, असे चार वेळा. मधली विश्रांती कापू नका. स्नायूंतला तत्काळ वापराचा साठा बराचसा भरून यायला तीन ते पाच मिनिटे लागतात. चढ पुरत नसेल तर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सपाट रस्त्यावर तेच करा, कारण समोरचा वारा हाच आपल्या मुलखातला लांब चढ आहे. घरी आठवड्यातून दोनदा जिने चढा आणि अर्ध्या बैठका काढा, गुडघा न दुखेल एवढ्याच. सहा आठवड्यांनी फरक जाणवेल. टेकडीवर मात्र दर रविवारी एकदाच नव्हे तर तीनदा जा. पहिल्या खेपेला फक्त सौम्य टप्पा ८ च्या वेगाने चढून परत फिरा, दुसऱ्या खेपेला उभ्या टप्प्याचे दोन खांब, आणि तिसऱ्या खेपेला जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत. पहिल्या खेपेचा उद्देश पायांना संथपणाची ओळख करून देणे हा आहे, म्हणून ती गाळू नका.

तुम्ही तिथे दीड तास चालवून, बहुधा फक्त चहावर पोचता. चढाच्या अर्धा तास आधी एक केळे खा आणि थोडे थोडे पाणी पीत राहा. तर्री पोहे परतीच्या वाटेवर. चढाआधीची तिखट तर्री वाकून बसल्यावर घशाशी येते.

उन्हाळ्यात या टेकडीवर सकाळी साडेसातनंतर जाऊ नये असे मी स्पष्ट सांगेन. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी २० ते २५ टक्केच पॅडलला देते, बाकीची उष्णता होते. १८५ वॅट काढताना त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता अंगात तयार होत असते. सपाट रस्त्यावर वारा ती घेऊन जातो, ६ च्या वेगाला वारा लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापत्या नऊ दिवसांत, तर पहाटेचा रस्ताही रात्रभर तापलेलाच असतो. पावसाळ्यात वेगळी काळजी घ्यावी लागते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती रस्त्यावर येते आणि ओली झाली की तिच्यावर मागचे चाक पकड घेत नाही. अशा दिवशी उभ्या टप्प्यावर सरळ उतरून चालत जावे.

वयाचा विचार करता, पूर्ण जोराचे प्रयत्न सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्या. चढताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तो दिवस तिथेच संपवा आणि उशीर न करता रुग्णालय गाठा. गिअर आणि सीट सुधारल्यावरही तीन-चार आठवड्यांत गुडघा थांबला नाही, किंवा त्यावर सूज दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. दुखऱ्या गुडघ्याला तेल चोळून चढ चालू ठेवू नका.

माथ्यावर पोचल्यावर लगेच खाली बसू नका. देवळाभोवतीच्या सपाटीवर दोन-तीन मिनिटे हलके पॅडल मारत राहा, म्हणजे श्वास क्रमाने खाली येतो आणि चक्कर येत नाही. आणि उतरताना चढण्याइतकेच लक्ष द्या. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहा, वजन मागे सरकवा, पॅडल आडवे ठेवा. दोन्ही ब्रेक सोबत, थोडे दाबून थोडे सोडून वापरा, कारण सतत दाबून धरले की रिम तापते आणि पकड ढिली पडते. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करा. वळणात जिथे गिट्टी साचलेली आहे तिथे पुढचा ब्रेक दाबला तर चाक घसरते. सकाळी त्या सुमाराला गावातली गुरे चरायला याच रस्त्याने वर निघतात. कळप दिसला की घंटी वाजवत घुसू नका, पाय टेकून कडेला थांबा आणि ती जाईपर्यंत वाट पाहा.